हृदयाची शस्त्रक्रिया आणि रोग्याची वाट

यवतमाळ जिल्ह्यांत कापसाची वेचणी सुरू झाली म्हणजे सकाळपासून शेतोशेतीं बायकांच्या रांगा दिसूं लागतात. कमरेला ओटी बांधून त्या कपाशीच्या ओळींतून पुढें सरकत असतात. अशा रांगेंत एखादी वीस-बावीस वर्षांची सून इतरांच्या मागें पडूं लागते. दोन ओळी होतात न होतात तोंच ती खालीं बसते. रात्रीं आडवें झालें कीं जीव कोंडतो, म्हणून उशाशीं गोधड्या रचून ती बसल्या बसल्याच झोप घेते. सासू म्हणते, पोरीच्या अंगांत रक्त नाहीं. शेजारीण म्हणते, दमा दिसतो. गांवांतील डॉक्टर खोकल्याचें औषध देतो आणि कांहीं दिवस बरें वाटतें. पुढें तिला दिवस जातात, आणि पांचव्या-सहाव्या महिन्यांत धाप एवढी वाढते कीं तिला तालुक्याच्या गांवीं न्यावेंच लागतें. तेथें प्रथमच कोणीतरी तिच्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकत राहतो.

ही सून कोणी एक विशिष्ट स्त्री नाहीं. ग्रामीण भागांतून रोगी येतात अशा प्रत्येक मोठ्या रुग्णालयाला तिची ओळख आहे. तिच्या हृदयाची झडप आकसलेली असते. तिचा दोष त्या वर्षाचा नसून दहा-पंधरा वर्षांपूर्वींचा असतो. लहानपणीं, शाळेच्या वयांत, एकदां घसा येतो. विशिष्ट जंतूमुळें आलेला हा घसा बरा झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनीं ताप येतो आणि गुडघे, घोटे, कोपर एकामागून एक सुजतात. हाच सांधेज्वर. सांधे कांहीं दिवसांत पूर्ववत् होतात आणि घरचीं माणसें तें दुखणें विसरून जातात. सांधेज्वर सांधे सोडून देतो. झडप मात्र तो सोडीलच असें नाहीं. हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधील झडपेचें तोंड निरोगी माणसांत चार ते सहा चौरस सेंटिमीटर असतें. पुनःपुन्हां येणाऱ्या सांधेज्वरानें तें एक-दीडावर येतें. मग रक्त फुप्फुसांत तुंबतें, आणि गरोदरपणीं शरीरांतील रक्त वाढलें म्हणजे ही अरुंद वाट अपुरी पडते. दाट वस्ती, ओल धरणारीं घरें आणि वेळेवर न मिळालेलें औषध यांच्याशीं या रोगाचें जवळचें नातें आहे. म्हणूनच ज्या देशांत घरें व दवाखाने सुधारले तेथून तो जवळजवळ नाहींसा झाला, आणि आपल्याकडे मात्र टिकून राहिला.

या झडपेपर्यंत शस्त्रवैद्याचा हात पोहोंचण्यास मनुष्यजातीला फार काळ लागला. हृदयाला हात लावूं नये, तें धडधडणारें यंत्र थांबलें तर पुन्हां चालणार नाहीं, अशी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत मोठमोठ्या वैद्यांची समजूत होती. १८९६ सालीं फ्रँकफर्ट येथें लुडविग रेन या जर्मन शस्त्रवैद्यानें भोंसकलेल्या तरुणाच्या हृदयावर टांके घातले आणि तो तरुण वाचला. १९२५ सालीं लंडनमध्यें हेन्री सौटार यांनीं एका मुलीच्या हृदयांत बोट घालून आकसलेली झडप मोकळी केली. मुलगी सुधारली. परंतु त्यानंतर त्यांच्याकडे असा दुसरा रोगी कोणी पाठविलाच नाहीं. शस्त्रवैद्याचें कौशल्य सिद्ध होतें, उपाय हातांत होता, तरी रोगी त्याच्यापर्यंत पोहोंचला नाहीं. पुढें तेवीस वर्षांनीं, १९४८ सालीं, अमेरिकेंत बेली व हार्केन यांनीं ही शस्त्रक्रिया यशस्वी करून दाखविली, तेव्हां कुठें ती रूढ झाली. सौटार यांची ही हकीकत यवतमाळच्या रोग्याच्या बाबतींतहि लक्षांत ठेवण्याजोगी आहे.

नंतरची प्रगति वेगानें झाली. १९५३ सालीं फिलाडेल्फिया येथें जॉन गिबन यांनीं हृदय व फुप्फुस यांचें काम तात्पुरतें करणाऱ्या यंत्राच्या साहाय्यानें एका तरुणीचें हृदय उघडून दुरुस्त केलें. डिसेंबर १९६७ मध्यें केपटाऊन येथें डॉ. बर्नार्ड यांनीं एका माणसाचें हृदय दुसऱ्याच्या छातींत बसविलें, आणि त्यानंतर तीन महिन्यांच्या आंत, फेब्रुवारी १९६८ मध्यें, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनीं तसाच प्रयत्न केला. तो रोगी कांहीं तासच जगला. भारतांत हृदयरोपण यशस्वी होण्यास १९९४ साल उजाडावें लागलें. अशा प्रयोगांची वर्तमानपत्रांत मोठी वाहवा होते आणि ती योग्यहि आहे. परंतु पैनगंगेच्या कांठच्या उमरखेडहून किंवा वर्धा नदीच्या बाजूच्या राळेगांवहून निघणाऱ्या रोग्याचा संबंध येतो तो बहुधा तीन गोष्टींशीं: झडप, हृदयाच्या रोहिण्या आणि पायाच्या रोहिण्या. या तिन्ही बाबतींत उपाय आतां ठरून गेलेले आहेत. फुग्यानें झडप मोकळी करतां येते. झडप फारच बिघडली असेल तर नवी बसवितां येते. आणि त्रिवेंद्रमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेंत तयार झालेली, १९९० च्या डिसेंबरांत प्रथम रोग्याला बसविलेली देशी झडप आजवर एक लाखाहून अधिक माणसांच्या छातींत बसली आहे. हृदयाची रोहिणी तुंबली असल्यास तींत जाळीची नळी बसवितां येते, व त्या नळीची किंमत सरकारनें फेब्रुवारी २०१७ मध्यें मर्यादित केल्यापासून तीहि पूर्वींपेक्षां बरीच उतरली.

मग अडतें कोठें? पूर्वीं पैशापाशीं अडत असे. हृदयाची शस्त्रक्रिया म्हणजे शेत गहाण पडणें, असा सरळ हिशेब होता. १९९७ सालीं महाराष्ट्र सरकारनें दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांसाठीं जीवनदायी योजना काढली. २०१२ सालीं तिचें रूप बदलून राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत विदर्भांतील अमरावती व गडचिरोली होते, यवतमाळ नव्हता. नोव्हेंबर २०१३ मध्यें ती सर्व जिल्ह्यांना लागू झाली आणि २०१७ सालीं तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव मिळालें. पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवर शस्त्रक्रियेचा खर्च निघतो, ही गोष्ट आतां खेड्यापाड्यांत माहीत आहे. शाळांतील व अंगणवाड्यांतील मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमहि २०१३ सालीं सुरू झाला. त्यांत जन्मजात हृदयदोष व सांधेज्वरानें झालेला हृदयरोग हे दोन्ही हुडकले जातात. यवतमाळला १९८९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मोठ्या शस्त्रक्रियेसाठीं मात्र आजवर बहुतेकांची वाट वर्ध्याकडे, नागपूरकडे, किंवा दक्षिणेच्या तालुक्यांतून नांदेडकडे वळत आलेली आहे. नागपूर म्हणजे यवतमाळहून सुमारें दीडशें किलोमीटर. पुसद-उमरखेडकडून तर त्याहून कितीतरी अधिक. रुग्णालयाचें बिल योजनेंतून भागतें. बरोबर आलेल्या दोन माणसांचें खाणें आणि त्यांची बुडालेली मजुरी भागत नाहीं. तरीहि पैशाची अडचण पूर्वींहून खचित कमी झाली आहे. आतां अडतें तें दुसऱ्या एका ठिकाणीं, आणि तें ठिकाण म्हणजे शस्त्रवैद्य व रोगी यांच्यामधील संभाषण.

या भेटीचें स्वरूप पाहण्याजोगें आहे. रोगी पहांटेच्या एस. टी. नें निघून रांगेंत दुपारपर्यंत बसलेला असतो. आंत गेल्यावर शस्त्रवैद्याकडून त्याला मिळतात फार तर दहा मिनिटें. शस्त्रवैद्याचाहि नाइलाज असतो. बाहेर आणखी चाळीस माणसें बसलेलीं असतात आणि आंत शस्त्रक्रियेची वेळ झालेली असते. तो हृदयाचें चित्र काढून झडप दाखवितो, धोका शेंकडा इतका आहे असें सांगतो आणि संमतिपत्र पुढें करतो. बाप किंवा सासरा एकच प्रश्न विचारतो, ‘‘पोरगी बरी होईन ना, साहेब?’’ शस्त्रवैद्य म्हणतो, ‘‘होईल.’’ दोघेहि खरें बोलतात, पण ‘बरी होणें’ या शब्दांचा अर्थ दोघांच्या मनांत निरनिराळा असतो. शस्त्रवैद्याच्या मनांत बरी होणें म्हणजे झडप नीट उघडूं-मिटूं लागणें आणि पुढें औषधांवर नीट राहणें. सासऱ्याच्या मनांत बरी होणें म्हणजे पुढच्या हंगामाला ती शेतांत येणें व औषध सुटणें. जिल्ह्यांत वऱ्हाडी बोलली जाते, तांड्यांवर गोरमाटी आणि पोडांवर कोलामी बोलली जाते. दवाखान्याची भाषा या तिन्हींहून वेगळी. त्यामुळें हें अंतर तेथल्या तेथें लक्षांत येत नाहीं.

नवी झडप बसवावयाची असेल तर एक निवड करावी लागते, आणि तरुण स्त्रीच्या आयुष्यांत त्या निवडीइतकी महत्त्वाची दुसरी निवड क्वचितच येते. धातूची झडप पुष्कळ वर्षें टिकते. परंतु तिच्यावर रक्ताची गुठळी धरूं नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते. ही गोळी गरोदरपणीं पोटांतील गर्भाला बाधूं शकते, आणि ती बंद केली तर आईच्या झडपेवर गुठळी धरण्याचें भय. प्राण्यांच्या ऊतींपासून केलेल्या झडपेला बहुधा ती गोळी कायमची लागत नाहीं. परंतु तरुण शरीरांत ती झडप दहा-पंधरा वर्षांत झिजते आणि मग पुन्हां छाती उघडावी लागते. दोन्ही बाजूंना कांहींतरी द्यावें लागतें. यांतील काय द्यावयाचें हें ठरविण्याचा हक्क जिच्या छातींत झडप बसणार तिचा. पण पुष्कळदां ती भिंतीशीं उभी असते आणि बोलणें चालतें तें पुरुषांशीं. ‘‘बाई, तुम्हांला अजून मूल व्हावें असें वाटतें का?’’ हा प्रश्न तिलाच, तिच्याकडे पाहून, शक्य तर परिचारिकेला जवळ बसवून आणि इतरांना क्षणभर बाहेर थांबवून विचारला गेला पाहिजे. जे शस्त्रवैद्य हा प्रश्न असा विचारतात त्यांचा अर्धा मिनिट जास्त जातो. न विचारल्यास तिचीं पुढचीं सारीं वर्षें त्या चुकीची किंमत देत राहतात.

शस्त्रक्रियेचे चार-पांच तास रोग्याला आठवत नाहींत. त्याला आठवतें तें जागें होतांनाचें: घशांत नळी, बोलतां न येणें, हात बांधलेले, आणि रात्र कीं दिवस हें न समजणें. हें असें होणार, हें आधीं सांगितलेलें असलें म्हणजे भय निम्म्यानें कमी होतें. सांगितलेलें नसलें म्हणजे रोग्याला वाटतें कीं कांहींतरी बिघडलें. धातूची झडप बसविलेल्याला घरीं आल्यावर रात्रीच्या शांततेंत स्वतःच्या छातींत घड्याळासारखी बारीक टिकटिक ऐकूं येते. कित्येकांना ती कळल्यानें धीर येतो, कित्येकांची तिच्यामुळें झोप उडते. कापलेलें छातीचें हाड जुळून येण्यास दोन-तीन महिने लागतात. तोंपर्यंत पाण्याची घागर उचलावयाची नाहीं, वखर धरावयाचें नाहीं. बरें दिसणारें माणूस काम करीत नाहीं म्हणून घरांत कुजबूज सुरू होते, आणि त्याच सुमारास पुष्कळ रोग्यांचें मन उदास होतें. ही उदासीहि शस्त्रक्रियेच्या मागोमाग येणारी नेहमींची गोष्ट आहे, वेड किंवा भूतबाधा नव्हे, हें घरच्या माणसांना कोणी सांगत नाहीं.

खरी कसोटी त्यानंतर लागते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचें प्रमाण रक्ताच्या तपासणीनें ठरतें, आय. एन. आर. या नांवानें ती तपासणी ओळखली जाते. तिचा आंकडा झडपेच्या जातीप्रमाणें व जागेप्रमाणें साधारण अडीच ते साडेतीनच्या दरम्यान ठेवावा लागतो. तो खालीं गेला तर गुठळी धरते, वर गेला तर रक्तस्राव होतो. पालेभाजी एक आठवडा भरपूर व एक आठवडा मुळींच नाहीं असें झालें तरी आंकडा हलतो. दुकानांतून आणलेली अंगदुखीची गोळी घेतली तर जठरांतून रक्त जाऊं शकतें. दात काढण्यापूर्वीं डॉक्टराला झडपेची कल्पना द्यावी लागते. आणि सांधेज्वर पुन्हां उलटूं नये म्हणून पेनिसिलिनचें दीर्घकाळ टिकणारें इंजेक्शन दर तीन आठवड्यांनीं, वर्षानुवर्षें, कित्येकांना चाळिशीपर्यंत, घ्यावें लागतें. हें इंजेक्शन स्वस्त आहे पण टोंचतांना फार दुखतें. कांहींना त्याचें वावडें असतें म्हणून कित्येक लहान दवाखाने तें देण्यास कचरतात. पहिलें वर्ष नेमानें जातें. दुसऱ्या वर्षीं एखादी वेचणी आड येते, एखादें लग्न आड येतें. धाप लागत नाहीं, मग गोळी कशाला, असा विचार येतो. अशा रीतीनें लाखों रुपयांची शस्त्रक्रिया थोड्याशा रुपयांच्या गोळीपायीं वायां जाते. गुठळी धरलेल्या झडपेचा रोगी गांवाहून नागपूरला पोहोंचेपर्यंत पुष्कळदां उशीर झालेला असतो.

पायाच्या रोहिण्यांच्या रोगांतहि हेंच दिसून येतें. चालतां चालतां पोटरींत गोळा येतो आणि थांबलें कीं ओसरतो. पुढें अंगठ्यावर जखम होते ती भरत नाहीं. शेवटीं बोट काळें पडतें. तरुण वयांत, तंबाखूच्या व्यसनानें हातापायांच्या बारीक रोहिण्या बंद पडण्याचा जो रोग आहे त्याचें वर्णन न्यूयॉर्कच्या लिओ बर्गर यांनीं १९०८ सालीं केलें. विदर्भांत बिडी आहेच, शिवाय तंबाखू व सुपारी घोटून केलेल्या खर्र्याची पुडी शाळकरी मुलांच्या खिशांतहि सांपडते. रक्तवाहिन्यांचा शस्त्रवैद्य मोठ्या रोहिणीला वळसा देऊन रक्त पुढें नेऊं शकतो. पण या रोगांत पुढची बारीक रोहिणीच शिल्लक राहिलेली नसते. तेव्हां तो एकच सांगतो: तंबाखू एकदम आणि कायमची सोडा. रोग्याला वाटतें, डॉक्टरानें उपाय न करतां उपदेश करून वाटेला लावलें. वास्तविक तंबाखू सोडणें हाच या रोगावरचा मुख्य उपाय आहे. ज्यांनीं ती खरोखर सोडली त्यांचे पाय बहुधा वाचतात, ज्यांनीं सोडली नाहीं त्यांचे एकामागून एक भाग कापावे लागतात.

मराठी वाचकांना या संबंधांत डॉ. अभय बंग यांच्या ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकाची आठवण होईल. गडचिरोलीच्या खेड्यांत आरोग्याचें काम करणाऱ्या या डॉक्टराला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षीं स्वतःच हृदयविकार झाला, आणि उपचारानंतर स्वतःचें खाणें, चालणें, विश्रांति व मन यांची घडी त्यांना नव्यानें बसवावी लागली. वैद्यकाचें उच्च शिक्षण घेतलेल्या माणसालाहि रोगी झाल्यावर हें सारें पहिल्यापासून शिकावें लागलें. मग ज्या सुनेला संमतिपत्र वाचतां येत नाहीं तिच्याकडून तें आपोआप होईल ही अपेक्षा कशी करावी?

येथें शहरांतील सुशिक्षित कुटुंबांचा संबंध येतो. गांवाकडचा नातेवाईक, शेताचा वाटेकरी, घरीं काम करणाऱ्या बाईची बहीण, अशा कोणाच्या तरी निमित्तानें ही शस्त्रक्रिया बहुतेक घरांच्या दाराशीं कधीं ना कधीं येते. दवाखान्यांत डबा पोंचविला कीं आपलें कर्तव्य झालें असें बहुतेकांना वाटतें. डबा पोंचवावाच. पण त्याहून मोलाचें काम शस्त्रवैद्याच्या खोलींत बरोबर जाण्याचें आहे. कोणती झडप बसविणार आणि कां? गोळी किती दिवस? पुढची तपासणी यवतमाळला होईल कीं येथेंच यावें लागेल? इंजेक्शन कोण देणार? कोणत्या लक्षणावर एक दिवसहि न थांबतां निघावयाचें? हे पांच प्रश्न विचारून त्यांचीं उत्तरें रोग्याच्या बोलींत, मोठ्या अक्षरांत, एका वहींत लिहून द्यावीं. घरीं सोडतांना मिळणारा कागद इंग्रजींत असतो; तो वाचून दाखवावा. तीन आठवड्यांची तारीख बाजाराच्या दिवसाला जोडून दिली तर ती लक्षांत राहते, कारण आठवडी बाजार कोणी चुकवीत नाहीं. आणि दर महिन्याला एकदां फोन करून आंकडा किती आला हें विचारावें. घरीं लहान मूल घसा दुखतो म्हणून रडत असेल आणि त्यामागोमाग त्याचे सांधे धरले, तर त्याला त्याच आठवड्यांत डॉक्टराला दाखवावें, हेंहि त्याच फोनवर सांगावें.

पुढच्या वेचणीला ती सून पुन्हां रांगेंत उभी राहील कीं नाहीं हें शस्त्रक्रियेच्या टेबलावर पुरतें ठरत नाहीं. तें ठरतें दर तीन आठवड्यांनीं, तालुक्याच्या दवाखान्यांत, त्या वहीचें पान उलटून.